आपली हकीकत आपण सांगणारा माणूस

(माहीम येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



माहीम-दादरच्या या भागात नाटकावर बोलायला वक्त्याला निमित्त शोधावे लागत नाही. शिवाजी मंदिर, छबिलदासचे सभागृह, माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर ही सारी जवळपासची ठिकाणे, आणि तिथे जे घडले ते पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. इथून फार लांब नाही अशा वरळीला 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तिथून, आणि पुढे खासगी वाहिन्यांवरून, गेली पन्नास वर्षे मराठी घरांत जो विनोद पोचला त्याचा विचार मात्र आपण आठवणींच्या पुढे फारसा नेलेला नाही. ‘काय ते दिवस होते’ म्हणतो आणि थांबतो. आज तिथे न थांबता दिलीप प्रभावळकर यांच्या कामाच्या आधाराने एक विधान तपासून पाहायचे आहे. प्रभावळकर नट आहेत आणि लेखकही आहेत, आणि दूरचित्रवाणीवरच्या विनोदात या दोन्ही नात्यांनी त्यांनी मोलाची भर घातली आहे. माझे म्हणणे असे की, मराठी विनोदी गद्याने शंभर वर्षांत एक निवेदक घडवला. आपली हकीकत आपणच, मनापासून आणि गांभीर्याने सांगणारा हा साधा माणूस. प्रभावळकरांनी त्याला छोट्या पडद्यावर आणले, आधी नट म्हणून आणि मग लेखक म्हणून. त्यांच्या वेशांतराचे आपण एवढे कौतुक करतो, पण या कामगिरीपुढे ते दुय्यम आहे. दूरचित्रवाणीवरचा त्यांचा विनोद टिकला तो या निवेदकामुळे, म्हणजे अखेर लेखनामुळे.

हा निवेदक आला कुठून ते आधी पाहू. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले तेव्हा समाजातल्या रूढींवर टीका करण्यासाठी त्यांनी सुदामा नावाचा बोलका माणूस उभा केला आणि बंडूनाना, पांडूतात्या ही मित्रमंडळी त्याच्या सोबतीला दिली. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी विनोद लिहिताना बाळकराम झाले. पुढे बडोद्यात पालीचे अध्यापन करणाऱ्या चिंतामण विनायक जोशी यांनी चिमणराव लिहिला आणि ही तऱ्हा परिपक्व झाली. कोल्हटकरांच्या सुदाम्याला आपण विनोद करतो आहोत याची जाणीव आहे. गडकऱ्यांच्या बाळकरामाला ती अंधुकशी आहे. चिमणरावाला ती मुळीच नाही. तो आपल्या मध्यमवर्गी संसारातल्या फजित्या सांगतो, पण त्या फजित्या आहेत हे त्याच्या गावीही नसते. आपण योग्य तेच केले आणि परिस्थितीने घोटाळा केला, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. वाचकाला त्याच्यापेक्षा थोडे जास्त कळते, आणि त्या थोड्या अंतरात हसू उमटते. हे अंतर फार वाढले तर निवेदक मूर्ख ठरतो आणि वाचक त्याला तुच्छ लेखू लागतो. फार कमी झाले तर विनोदच उरत नाही. चि. विं.ची सारी कारागिरी हे अंतर राखण्यात आहे. म्हणूनच चिमणरावाला हसणाऱ्या वाचकाला त्याच्याविषयी मायाही वाटत राहते.

यावर एक आक्षेप लगेच येईल. पु. ल. देशपांडे यांनी 1961 साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली तेव्हा मराठी विनोदाचा निवेदक प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष उभा राहिलाच होता, मग प्रभावळकरांच्या नावावर वेगळे श्रेय कशासाठी? आक्षेप वजनदार आहे, पण दोन निवेदकांत फरक आहे. पु. लं.चा निवेदक प्रेक्षकांच्या बाजूला उभा राहून चाळ दाखवतो. तो चाळीवर प्रेम करतो, तिच्या लकबी हुबेहूब उतरवतो, पण कुठे हसू येणार हे त्याला पक्के ठाऊक असते. प्रेक्षकांशी त्याचा एक उघड करार असतो. चिमणरावाच्या जातीच्या निवेदकाला असा करार करताच येत नाही, कारण आपण कुणाला हसवतो आहोत हे त्याला कळले की तो संपला. पहिला सभागृहात खुलतो, कारण समोर हजार माणसे असतात आणि त्यांचे हसू त्याच्यापर्यंत पोचते. दुसऱ्याला एकांत हवा असतो, पुस्तक वाचणाऱ्याला असतो तसला. आता दूरचित्रवाणीचे वैशिष्ट्य असे की तिचा प्रेक्षक संख्येने लाखांत असला तरी बसलेला असतो आपापल्या घरात, चार माणसांत. म्हणजे हे माध्यम मुळात दुसऱ्या निवेदकाला अधिक सोयीचे आहे. हे ओळखायला मात्र आपल्याला वेळ लागला.

वेळ लागण्याचे कारण स्वाभाविक होते. दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेव्हा विनोदी नटांची आणि लेखकांची जी फळी हाताशी होती ती रंगभूमीची होती. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांच्या जोडीने फार्स मराठीत रुजवला होता. ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ ही बबन प्रभूंची नाटके अजूनही नव्याने उभी राहतात, आणि प्रभू स्वतः लेखक-नट होते. फार्सची लय सभागृहातल्या हशावर चालते. एक हशा ओसरता ओसरता पुढचे वाक्य टाकायचे, दार उघडायचे, कुणाला तरी कपाटात लपवायचे. स्टुडिओत तो हशा नसतो. कॅमेरा नटाच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर येतो, आणि शेवटच्या रांगेसाठी केलेला हावभाव तिथे भडक दिसतो. ‘गजरा’सारख्या कार्यक्रमांनी प्रहसनाला आटोपशीर केले आणि अनेक गुणी नटांना घराघरांत नेले, हे ऋण मोठे आहे. तरीही प्रहसन पात्राला बाहेरूनच पाहते. कॅमेराही बाहेरूनच पाहतो. मग आपली हकीकत आतून सांगणारा माणूस पडद्यावर आणायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर चिमणरावाची मालिका आली. प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. 4 ऑगस्ट 1944 रोजी जन्मलेले प्रभावळकर तेव्हा तिशीत होते आणि रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्यातून आलेले होते. ‘अलबत्या गलबत्या’मधली त्यांची चेटकीण मुलांनी डोक्यावर घेतली होती. बालनाट्याची तालीम इथे किती कामाला आली असेल याचा अंदाज करता येतो. मुले दयाळू प्रेक्षक नसतात. आपण चेटकिणीचे सोंग केले आहे असे नटाने क्षणभर जरी सुचवले तरी मुलांचा विश्वास उडतो. तिथे नटाला चेटकिणीचे म्हणणे खरे मानूनच बोलावे लागते, मुलांना खाणे हा तिचा हक्क आहे असे समजून. चिमणराव रंगवायला हीच शिस्त हवी होती. हसू मागायचे नाही, चिमणरावाच्या चिंता खऱ्या मानायच्या. धिप्पाड गुंड्याभाऊच्या शेजारी उभा राहिलेला हा किरकोळ माणूस आपल्या घराची अब्रू, नातेवाइकांचे रुसवे, मुलांची दुखणी यांचा विचार करत असतो. तो घाबरतो तेव्हा खरोखरच घाबरतो. कॅमेरा जवळ आल्यामुळे तो घाबरण्याआधी धीर गोळा करतो तेही दिसते. पुस्तकात निवेदकाच्या शब्दांनी जे अंतर राखले होते ते इथे नटाच्या चेहऱ्याने राखले. घडते आहे ते आपण बाहेरून पाहतो आणि त्याच वेळी चिमणरावाला ते कसे वाटते आहे हे त्याच्या चेहऱ्यावर वाचतो. माझ्या मते, मराठी विनोदाचा निवेदक छोट्या पडद्यावर पहिल्यांदा धडपणे रुजला तो इथे.

आता दुसरा आक्षेप घेऊ. प्रभावळकरांची ओळख बहुरूपी अशी आहे. चेहरा, आवाज, चाल, दात, मिशा बदलून दर वेळी निराळा माणूस उभा करणारा नट. मग लेखनाला आणि निवेदकाला एवढे महत्त्व देणे म्हणजे त्यांचा खरा गुण झाकणे नव्हे काय? बहुरूपीपण खरे आहे, ते मी नाकारत नाही. प्रश्न आहे तो या रूपांच्या मुळाशी काय आहे हा. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’मध्ये प्रभावळकर गतिमंद मुलाचे वडील झाले. 1991 साली आलेल्या ‘चौकट राजा’ चित्रपटात ते स्वतः गतिमंद नंदू झाले. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजू एकाच नटाने थोड्या काळाच्या अंतराने उभ्या केल्या. यात रंगभूषेला फारसे काम नाही. आधी बापाला काय वाटते ते आतून जाणायचे, मग त्या मुलाला जग कसे दिसते ते. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू मुलांना भीती घालतो आणि हसवतोही, कारण त्याचा हेतू अगदी सरळ आहे. त्याला पुन्हा माणूस व्हायचे आहे, आणि त्यासाठी तो जिवाच्या आकांताने धडपडतो. ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी हे तर उत्तम उदाहरण. गांधीजींची नक्कल करणे सोपे होते, कारण चष्मा, काठी आणि चाल साऱ्या देशाच्या ओळखीची. प्रभावळकरांनी त्या खुणा ठेवल्या, पण भर दिला तो समोरच्या मवाल्याला शांतपणे, मित्रासारखे समजावणाऱ्या वृद्धावर. 2006 सालचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो या चित्रपटासाठी आणि ‘शेवरी’ या मराठी चित्रपटासाठी. या सगळ्या भूमिकांत समान धागा एकच. आधी पात्राची बाजू घ्यायची, रूप मागून येते. आणि पात्राची बाजू घेणे हे मुळात लेखकाचे काम आहे.

प्रभावळकर लेखक म्हणून वाढले ते वृत्तपत्रे आणि नियतकालिके वाचणाऱ्यांपुढे. ‘गुगली’, ‘कागदी बाण’, ‘हसगत’ ही त्यांची विनोदी लेखनाची पुस्तके, आणि मुलांसाठी लिहिलेला ‘बोक्या सातबंडे’ दोन पिढ्यांच्या ओळखीचा आहे. बोक्याच्या खोड्या मोठ्यांना उपद्व्याप वाटतात, पण बोक्याच्या दृष्टीने ती कुणाला तरी मदत करण्याची धडपड असते. रचना पुन्हा तीच, स्वतःच्या सद्हेतूवर गाढ विश्वास असलेला नायक. ‘हसवा फसवी’ हे त्यांनीच लिहिलेले नाटक, ज्यात त्यांनी सहा भूमिका केल्या. त्यातले कृष्णराव हेरंबकर जरा जवळून पाहण्यासारखे आहेत. संगीत रंगभूमीच्या वैभवाचा काळ पाहिलेला हा थकलेला गायकनट. शरीर साथ देत नाही, आठवणी मागेपुढे होतात. प्रेक्षक आधी त्या विस्कळीतपणाला हसतात, आणि सहा वेगवेगळ्या रूपांच्या गमतीसाठी आलेल्या सभागृहात हसण्यासारखी जागा होती हे खरेच. पण हेरंबकर स्वतःला हास्यास्पद समजत नाहीत. त्यांच्या दृष्टीने रंगभूमी अजून तिथेच आहे, ते तिच्यावर उभे आहेत आणि त्यांना गायचे आहे. हे ध्यानात येते तसे हसू विरत जाते आणि त्याची जागा आदर घेतो. हा बदल संवादाच्या लेखनात आधीच केलेला आहे. लेखकाने वृद्धाला कुठेही केविलवाणे वाक्य दिले नाही म्हणून नटाला त्याची शान राखता आली. लेखक निराळा असता आणि त्याला टाळ्यांची घाई असती, तर हेच पात्र म्हातारपणाची टिंगल होऊन बसले असते.

या दोन वाटा, चिमणरावातून शिकलेला अभिनय आणि स्तंभातून कमावलेले लेखन, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये एकत्र आल्या. मूळ लेखन ‘अनुदिनी’ या नावाने स्तंभरूपात आणि मग पुस्तकरूपात आले, आणि नावाप्रमाणे ते रोजनिशीच्या रूपात आहे. 2001 साली अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, त्याची मालिका सुरू झाली आणि सुमारे तीन वर्षे आठवड्यातून एकदा चालली. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. सेवानिवृत्त आबा टिपरे, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामल, नातवंडे शिऱ्या आणि शलाका, एवढेच ते घर. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम आणि रेश्मा नाईक यांनी या घराला जी नैसर्गिक बोलण्याची लय दिली ती सहज साधणारी नव्हती. घरात फार काही घडत नाही. कुणाची परीक्षा असते, कुणाला नवी खरेदी करायची असते, कुणाचा राग गेलेला नसतो. आणि मग आबा डायरी घेऊन बसतात. दिवसभर आपण जे बाहेरून पाहिले ते आता आबांच्या शब्दांत पुन्हा ऐकतो. कॅमेऱ्याने पाहिलेले आणि आबांनी लिहिलेले यांत थोडा फरक असतो, आणि मालिकेचा विनोद आणि जिव्हाळा या दोन्हींचा उगम त्या फरकात आहे. चि. विं.नी वाचक आणि निवेदक यांच्यात जे अंतर राखले होते ते इथे दृश्य आणि डायरी यांच्यात राखले आहे. चिमणरावाच्या मालिकेत हे काम एकट्या नटाच्या चेहऱ्याला करावे लागले होते. टिपऱ्यांत त्याला लेखनाची जोड मिळाली, कारण आता नट स्वतःच लेखक होता.

पडद्यामागून बोलून कथा पुढे ढकलणे ही आळशी लेखकाची पळवाट असते, असे चित्रपटाचे जाणकार म्हणतात आणि पुष्कळदा ते खरेही असते. जे दाखवता येत नाही ते सांगून टाकले जाते. टिपऱ्यांच्या डायरीला मात्र हा दोष लागू होत नाही. ती घटनेची माहिती देत नाही, कारण घटना आपण पाहिलेलीच असते. ती देते ते आबांचे मत, आणि ते मत पुरते बरोबर असतेच असे नाही. आबांना नातवंडांची भाषा आणि त्यांचे जग समजून घ्यायचे असते, त्यांना ते थोडे समजते, थोडे निसटते, आणि निसटले ते समजले असे मानून ते लिहितात. प्रेक्षकाला आबांची चूक दिसते आणि चुकीमागचा जिव्हाळाही दिसतो. सून-सासरे, नातू-आजोबा या नात्यांवर व्याख्यान न देता ती समजावण्याची ही युक्ती आहे. आबा घरातल्या कुणाचा न्याय करायला बसत नाहीत, समजून घ्यायला बसतात. मालिका संपून वीस वर्षे लोटल्यावरही लोक तिचे भाग शोधून पाहतात. माझ्या मते हे त्याचे कारण आहे, निव्वळ गतकाळाची ओढ नव्हे. गतकाळाची ओढ ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना असते, आणि टिपरे आवडीने पाहणाऱ्यांत मालिका चालू असताना जन्मलेलीही नव्हती अशी मुले आहेत.

दिग्दर्शक केदार शिंदे यांचा दाखला इथे फार उपयोगी आहे. ‘टिपरे’ चालू असतानाच, 15 ऑगस्ट 2002 रोजी त्यांनी लिहिलेले आणि दिग्दर्शित केलेले ‘सही रे सही’ रंगभूमीवर आले. भरत जाधव यांची एकामागून एक बदलणारी रूपे, धावपळ, फसवाफसवी, सभागृह दणाणून सोडणारा वेग. एकच दिग्दर्शक एकाच काळात रंगमंचावर हे करत होता आणि पडद्यावर आबांना शांतपणे डायरी लिहू देत होता. बारीक सुरातला विनोद हा एखाद्या दिग्दर्शकाचा स्वभाव नसून या माध्यमाची आणि या संहितेची मागणी होती, हे यावरून दिसते. हिंदीतही असेच झाले. 1984 साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ आली तेव्हा तिचे लेखन शरद जोशी यांनी केले होते, आणि शरद जोशी हे आधी हिंदी व्यंग्यगद्याचे मान्यवर लेखक होते. गद्यात मुरलेला विनोदकार छोट्या पडद्याला मानवतो, कारण तो माणसाच्या मनातली बडबड लिहायला शिकलेला असतो.

सर्वांत गंभीर आक्षेप अजून बाकी आहे, आणि या भागात उभे राहून तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चिमणराव काय आणि टिपरे काय, हे पांढरपेशा मध्यमवर्गाचे घर आहे. इथून दोन-तीन स्थानके दक्षिणेला गेले की परळ-लालबाग लागते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने तिथली हजारो घरे मोडली. त्या घरांचे हसणे कुठे आहे? ते भजनात, नमनात, शक्ती-तुऱ्यात, शाहीर साबळ्यांच्या मुक्तनाट्यात आणि ‘विच्छा माझी पुरी करा’मधून पुढे आलेल्या दादा कोंडक्यांच्या चित्रपटांत होते. दूरचित्रवाणीने त्याला दार फार उशिरा उघडले. हा आक्षेप मला मान्य आहे. टिपऱ्यांच्या घराला पैशाची खरी भीती नाही, जातीचा प्रश्न नाही, उद्या राहायचे कुठे ही विवंचना नाही, आणि ही त्या मालिकेची मर्यादा आहे. पण विषयाची मर्यादा आणि रीतीची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली हकीकत आपण सांगणारा माणूस कुठल्याही घरातला असू शकतो. शाहीर साबळे यांचे नातू असलेल्या केदार शिंदे यांनीच टिपऱ्यांचे दिग्दर्शन केले, म्हणजे लोकपरंपरेच्या वारशाला ही रीत परकी वाटली नाही. खुद्द प्रभावळकरांनी 2025 सालच्या ‘दशावतार’ चित्रपटात, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, बाबुली मेस्त्री हा कोकणातला दशावतारी कलावंत उभा केला, आणि तिथेही पात्राच्या श्रद्धेची बाजू घेऊनच. खंत आहे ती संधीची. परळच्या खोलीतल्या आजोबांची अनुदिनी लिहून आणणाऱ्या लेखकाला आपल्या वाहिन्यांनी तीन वर्षे दिली असती का? हा प्रश्न वाहिन्यांना आणि आपल्यालाही विचारायला हवा.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. आज रोज चालणारी मालिका आणि प्रहसनांचे कार्यक्रम हेच चालते. प्रेक्षकाला दर अर्ध्या मिनिटाला हशा हवा, डायरी ऐकायला वेळ कुणाला आहे, असे म्हटले जाते. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. प्रहसनाला मी कमी लेखत नाही. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे कलावंत लिहितात आणि अभिनयही करतात, आणि तिथली लोकांच्या तोंडी बसलेली पात्रे पाहिली तर ती सारी स्वतःवर नको इतका विश्वास असलेली माणसे आहेत. नट हसू मागू लागला की प्रहसन पडते, हा नियम तिथेही चालतो. लेखक-नटाची परंपरा मेलेली नाही. अडचण आहे ती कामाच्या प्रमाणाची. इंग्लंडमध्ये जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेल्या आणि स्वतः अभिनय केलेल्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे 1975 आणि 1979 मिळून अवघे बारा भाग झाले, आणि पन्नास वर्षांनी ते अभ्यासले जातात. आपल्याकडे यश मिळाले की भागांची संख्या वाढवणे हाच त्याचा सन्मान मानला जातो. टिपरे आठवड्यातून एकदाच भेटत होते, म्हणून लेखकाला विचार करायला सहा दिवस मिळत होते. चांगल्या स्वयंपाकाप्रमाणे विनोदालाही आच मंद लागते. ती फुंकर घालून मोठी केली की वरून करपते आणि आत कच्चे राहते. वेळ नसेल तर लेखक ओळखीच्या कोट्या, ओळखीचे वेश, ओळखीची व्यंगे यांच्याकडे वळतो, आणि मग जाडी, काळेपणा, तोतरेपणा यांवरची तीच ती थट्टा आपल्या पदरी पडते. तिथे पात्राची बाजू घ्यायला कुणीच उरत नाही.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष आपल्यावर काही जबाबदारी टाकतो. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात ध्वनिचित्रफिती महाग होत्या आणि जुन्या फितींवर नवे मुद्रण होत असे, त्यामुळे त्या काळचे कितीतरी काम आज पाहायला मिळत नाही. दृश्य गेले तरी संहिता उरू शकते, पण मालिकांच्या संहिता छापण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. नाटक छापले जाते, ग्रंथालयात राहते, महाविद्यालयात शिकवले जाते. मालिकेचा लेखक मात्र नावांच्या यादीत दोन सेकंद दिसून नाहीसा होतो. ‘अनुदिनी’ हे पुस्तक कपाटात आहे म्हणून टिपऱ्यांच्या विनोदाची रचना आज तपासता येते. चि. विं.ची पुस्तके आहेत म्हणून चिमणरावाची तपासता येते. जिथे पुस्तक नाही तिथे फक्त आठवण उरते आणि आठवणीतून पुढचा लेखक काही शिकू शकत नाही. म्हणून माझी सूचना साधी आहे. निवडक मराठी मालिकांच्या आणि प्रहसनांच्या संहिता छापल्या जाव्यात, आपल्या सार्वजनिक वाचनालयांनी त्या मागवाव्यात, आणि मराठीच्या वर्गात विनोदी गद्य शिकवताना कोल्हटकर-गडकरी-चि. वि. यांच्यापाशी न थांबता टिपऱ्यांपर्यंत यावे.

प्रभावळकरांनी वृद्ध मित्रांच्या पत्रव्यवहारातून ‘पत्रापत्री’ लिहिले आणि ऐंशीच्या घरात असताना विजय केंकरे यांच्यासह ते रंगमंचावरही आणले. रोजनिशीनंतर पत्र. पुन्हा आपली हकीकत आपण सांगणारा माणूस, पुन्हा वय झालेला, आणि पुन्हा स्वतःच्या म्हणण्यावर मनापासून विश्वास असलेला. ही निवड योगायोगाची नाही. एका लेखक-नटाने आयुष्यभर एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला. कुणालाही हास्यास्पद ठरवण्याआधी त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकून घ्यायचे. जो विनोद हे करतो तो ऐकणाऱ्याला दुसऱ्या माणसाच्या जागी उभे राहायला शिकवतो, आणि लाखो घरांत एकाच वेळी पोचणाऱ्या माध्यमाकडून समाजाने मागावे असे याहून मोठे काही मला दिसत नाही. ही अपेक्षा आपण वाहिन्यांकडे, लेखकांकडे आणि प्रेक्षक म्हणून स्वतःकडे ठेवली पाहिजे, आणि ती पुरी होत नाही तिथे तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.